उंदरांच्या जाती आणि सांगून आलेलं स्थळ

प्रश्न : माझ्या मुलीला एक स्थळ सांगून आलं आहे. मुलगा इंजिनिअर, पुण्यात नोकरी, स्वभावाने शांत. मुलीला पसंत आहे. पण त्याचे वडील दारूपायी गेले, लिव्हर खराब झालं होतं, हे मध्यस्थांनी मागाहून सांगितलं. मुलगा स्वतः म्हणाला की तो कधीमधी मित्रांबरोबर घेतो, ‘पण मला चढतच नाही, चार पेग झाले तरी कुणाला कळणार नाही.’ हे ऐकून माझ्या यजमानांना उलट बरं वाटलं. ज्याचा तोल जात नाही त्याला व्यसन लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा भाऊही रोज घेतो, पण मोठा ऑफिसर आहे, कधी काही वावगं नाही. माझा पुतण्या मात्र बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. तो म्हणाला, ‘काकू, लॅबमध्ये उंदरांच्या दोन जाती असतात. एक दारू पिते, दुसरी तोंडही लावत नाही. सगळं जन्मतः ठरलेलं, मेंदूतल्या केमिकल्समध्ये असतं. त्या मुलाची डीएनए टेस्ट करून घ्या.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. अशी टेस्ट कुठे होते? ती करायला सांगणं बरं दिसेल का? रविवारी उत्तर कळवायचं आहे.
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, आधी टेस्टचं सांगते, म्हणजे निदान आजची झोप तरी लागेल. अमक्याला दारूचं व्यसन लागेल की नाही हे सांगणारी डीएनए टेस्ट नाही. कुणी इंटरनेटवर विकत असेल तर पैसे घालवू नका. १९९० साली अमेरिकेत डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका रिसेप्टरच्या (पेशीवरच्या, तो निरोप पकडणाऱ्या रेणूच्या) जनुकाजवळचा फरक व्यसनी माणसांत जास्त आढळतो म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. ‘दारूचं जनुक सापडलं’ असे मथळे छापून आले. पुढे इतर प्रयोगशाळांनी तेच तपासलं तेव्हा निकाल जुळेनात, आणि तो फरक मुळात शेजारच्या दुसऱ्याच जनुकात बसलेला निघाला. आज लाखो लोकांच्या तपासण्यांनंतर चित्र असं आहे की शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक मिळून थोडाफार कल ठरतो. त्यावरून एका मुलाचं भविष्य सांगणं म्हणजे पत्रिका बघण्यासारखंच. आणि पत्रिका तुम्ही बघितलीच असेल.

आता उंदीर. तुमचा पुतण्या सांगतो ते खोटं नाही. त्याने गोष्ट पहिल्या धड्यावर सोडली, एवढंच. पुढचे धडे तुमच्या जास्त कामाचे आहेत. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही, सांभाळून घ्या.

१९५९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे जेराल्ड मॅक्लर्न आणि डेव्हिड रॉजर्स या दोघांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांना पिण्याची निवड देऊन पाहिली. ती पद्धत आजही चालते. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत १० टक्के अल्कोहोल घातलेलं पाणी. काही उंदरांना एकाच बाजूने प्यायची खोड असते म्हणून बाटल्यांच्या जागा बदलत राहायच्या. रोज किती प्यायलं ते मोजायचं. सी-५७ नावाचे काळे उंदीर दारूच्या बाटलीला लागले. डीबीए नावाच्या फिकट तपकिरी उंदरांनी ती जवळजवळ टाळलीच. हे वाण फार जुने आहेत. क्लॅरेन्स लिटल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने डीबीए १९०९ साली आणि सी-५७ १९२१ साली सुरू केला. सख्ख्या भावाबहिणींचं प्रजनन वीसपेक्षा जास्त पिढ्या करत गेलं की एका वाणातले सगळे उंदीर जनुकांच्या बाबतीत एकमेकांच्या जुळ्यासारखे होतात. म्हणूनच एका वाणाचा सबंध कळप पितो आणि दुसऱ्याचा पीत नाही, तेव्हा फरक जनुकांत आहे असं छातीठोकपणे म्हणता येतं.

हा निकाल पक्का आहे, हेही सांगून टाकते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी आणि पोर्टलंड आणि कॅनडातल्या एडमंटन, अशा तीन गावांतल्या प्रयोगशाळांनी तेच वाण घेऊन, सगळी परिस्थिती शक्य तितकी सारखी ठेवून तेच प्रयोग केले. भीती-बेचैनी मोजणाऱ्या चाचणीचे आकडे एका लॅबमध्ये एक, दुसरीत दुसरे. दारूच्या आवडीतला फरक मात्र तिन्हीकडे टिकला. सी-५७ उंदीर दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या किलोमागे १० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल रिचवतो. सत्तर किलोच्या माणसाला हा हिशेब लावला तर, छोट्या पेगात साधारण १० ग्रॅम धरून, सत्तर छोटे पेग होतात! अर्थात उंदराचं शरीर अल्कोहोल आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने जाळतं, म्हणून ही तुलना गमतीपुरतीच.

इथपर्यंत पुतण्या बरोबर. आता प्रश्न असा की डीबीए उंदीर पीत नाही, तो का? त्याला दारूत मजाच वाटत नाही म्हणून? बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग पोर्टलंडच्या क्रिस्टोफर कनिंगहॅम यांनी बाटली बाजूला ठेवली आणि अल्कोहोलचं इंजेक्शन देऊन पाहिलं. एका प्रकारच्या जमिनीवर ठेवून अल्कोहोल टोचायचं, दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर नुसतं मिठाचं पाणी. काही दिवसांनी काहीही न टोचता सोडून द्यायचं आणि उंदीर कुठल्या जमिनीवर रेंगाळतो ते बघायचं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की दारूच्या जागेची ओढ डीबीए उंदरांनाच जास्त लागली. पिणाऱ्या सी-५७ ना ती फारशी लागलीच नाही. पुढे १९९७ मध्ये चव आणि वास वगळून थेट शिरेतून अल्कोहोल मिळवायची सोय केली, तेव्हा तो ‘निर्व्यसनी’ डीबीएही ते मिळवायला शिकला.

म्हणजे त्याला मजा येते, आणि भरपूर येते. त्याला अडवतात ते ब्रेक. एक ब्रेक नाकाजिभेचा : त्याला अल्कोहोलचा वास आणि चव सहन होत नाही, पोटात जाण्याआधीच तो मागे फिरतो. दुसरा नंतरच्या त्रासाचा. नवीन चवीचं पाणी पाजून लगेच अल्कोहोल टोचलं तर डीबीए पुढे त्या चवीलाही शिवत नाही. सी-५७ च्या मनावर त्याचा तितका परिणाम होत नाही. तिसरा, दारू सुटतानाचा. सलग दारू देऊन मग बंद केली की डीबीएला झटके येतात, हाताळलं तरी येतात. सी-५७ पुष्कळ सौम्यपणे निभावतो. आणि हे फक्त दोन वाणांपुरतं नाही. बऱ्याच वाणांची तुलना केली तेव्हाही जे कमी पितात त्यांना सुटताना जास्त त्रास होतो, असंच दिसलं.

तेव्हा काळा उंदीर जास्त पितो याचं निदान एक कारण, त्याचे ब्रेक सैल आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या यजमानांसाठी ती परत काढणार आहे.

मेंदूतल्या केमिकल्सबद्दल थोडक्यात. अल्कोहोल हे एका कुलपाची किल्ली नव्हे. मेंदूला शांत करणारी गाबाची यंत्रणा ते वाढवतं, उत्तेजित करणारी ग्लुटामेटची यंत्रणा दाबतं, शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडायला लावतं आणि त्यातून डोपामिन वाढवतं. त्यामुळे शास्त्रज्ञांनी उंदरांतलं एकेक जनुक बंद करून पाहिलं तेव्हा पिण्यावर परिणाम करणारी जनुकं ढिगाने निघाली. १९९८ मध्ये डोपामिनचा डी-२ रिसेप्टर नसलेले उंदीर कमी प्यायले. त्याच वर्षी न्यूरोपेप्टाइड वाय हे द्रव्य नसलेले जास्त प्यायले आणि ते जास्त असलेले कमी. २००० साली अफूचा म्यू रिसेप्टर नसलेल्या उंदरांनी दारू मिळवायचे कष्टच घेतले नाहीत. माणसांत नालट्रेक्सोन हे औषध याच रिसेप्टरला अडवतं आणि अमेरिकेत १९९४ पासून ते दारूच्या व्यसनासाठी मान्य आहे. सगळेच निकाल असे टिकले नाहीत. सेरोटोनिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाच्या एका रिसेप्टरविना जन्मलेले उंदीर दुप्पट पितात असं १९९६ मध्ये जाहीर झालं, पुढे तेच उंदीर इतरत्र तपासले तर कधी फरक दिसे, कधी नाही. पुतण्याला म्हणावं, एम.एस्सी.च्या प्रबंधात ‘जन्मतः ठरलेलं’ असं लिहिण्याआधी हे सगळं वाच.

आणि त्याला २०११ चा एक अभ्यास आवर्जून वाचायला सांगा. त्यात फक्त सी-५७ उंदीर होते. जनुकं सारखी, पिंजरे सारखे, खाणं सारखं. तरीही काही उंदीर सतत जास्त पीत राहिले, काही सतत कमी, आणि त्यांच्या मेंदूतल्या जनुकांच्या कामातही तसे फरक सापडले. जनुकं जुळ्यांसारखी असताना उंदीरही जर एकसारखे पीत नाहीत, तर वडिलांची निम्मी जनुकं घेऊन आलेल्या मुलाबद्दल ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळं होणं जरा घाईचं आहे.

पण मी तुम्हाला उगाच धीरही देणार नाही. घराण्याचा परिणाम असतो. डेन्मार्कमध्ये १९७३ साली डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्या आईवडिलांपैकी एक जण, बहुतेकदा वडील, व्यसनी, पण मूल जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आतच परक्या घरी गेलेलं. म्हणजे बापाची दारू त्यांनी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. तिशीच्या आसपास पोचेपर्यंत त्यांतल्या १८ टक्क्यांना दारूचं व्यसन जडलं होतं. आईवडील व्यसनी नसलेल्या दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के. जवळपास चौपट. हा आकडा मी झाकून ठेवणार नाही. पण तो उलटाही वाचा : शंभरातली ब्याऐंशी मुलं त्या वयापर्यंत सुटली होती. आजवरच्या जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून निघणारा अंदाज असा, की व्यसनाच्या कलात निम्मा वाटा अनुवंशाचा आणि निम्मा बाकी सगळ्याचा.

ताई, तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले, ते वडिलांबद्दलचं नव्हतं. ते होतं, ‘मला चढतच नाही.’

तुमच्या यजमानांना हे सुलक्षण वाटलं. मला वाटलं नाही. सॅन डिएगोच्या मार्क शुकिट यांनी विशीच्या सुमाराच्या तरुणांना मोजून अल्कोहोल दिलं आणि कुणाला किती चढते ते नोंदवून ठेवलं. त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील व्यसनी होते. साधारण दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना विशीत कमी चढत होती, त्यांतल्या ५६ टक्क्यांना व्यसन जडलं. ज्यांना चांगली चढत होती, त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. वडील व्यसनीच, दोन्ही गटांत. फरक पडला तो ब्रेकमुळे. ज्याला दोन पेगांत गरगरतं, जीभ जड होते, तो थांबतो. ज्याला काही होत नाही तो मित्रांच्या बरोबरीने पुढे जात राहतो, मग इतकं पिणाऱ्यांतच त्याची बैठक होते, आणि ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ याचा त्याला अभिमानही वाटू लागतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चीन, जपान, कोरियातले बरेच लोक आहेत. अल्कोहोलपासून शरीरात तयार होणारं विषारी द्रव्य मोडणारं एक विकर (एन्झाइम) त्यांच्यात दुबळं असतं. घोटभर घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. अशा लोकांत दारूचं व्यसन खूपच कमी आढळतं. आपल्याकडे हा गुण फार क्वचित असतो, त्यामुळे त्यावर विसंबून चालणार नाही.

यजमानांना आणखी एक सांगा. लिव्हर माणसाची चाल बघत नाही, ग्रॅम मोजतं. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात, आपल्या बाजारातल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत, साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. साठचा पेग असेल तर दुप्पट. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चाळीस ग्रॅम, चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. चार पेग चढोत न चढोत, आत गेलेले ग्रॅम तेवढेच. गाडी चालवताना पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर आकडाही तोच येतो.

आणि आता जरा नाजूक. तुमच्या भावाचं तुम्ही सहज लिहून गेलात. रोज घेतो, ऑफिसर आहे, काही वावगं नाही. ताई, मुलीचा मामा तो. स्थळाकडच्यांनी उद्या तुमच्या घराण्याचा हाच हिशेब मांडला तर? तुमच्या मुलीच्या वाट्यालाही त्या बाजूची जनुकं आलीच आहेत. डीएनए टेस्ट मागायला जाल तर ती दोन्हीकडे मागावी लागेल. म्हणून म्हणते, तो विषय काढूच नका. बरं दिसण्याचा प्रश्न तर आहेच. पण उत्तर न देणारी टेस्ट मागून एका मुलाला त्याच्या मेलेल्या बापाबद्दल दोषी ठरवायचं, हे मला पटत नाही.

मग काय करायचं? आपण घेतो हे मुलाने स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. बोलणं पुढे न्यायचं ते मुलीने. तुम्ही नाही, यजमान नाहीत, मध्यस्थ तर मुळीच नाहीत. तिने त्याच्याबरोबर दोनदा निवांत बसावं, आणि ‘तू पितोस का’ यापेक्षा नेमकं विचारावं. महिन्यातून किती वेळा? एका बैठकीत किती, छोटे की मोठे? दोन वर्षांपूर्वी किती होती? एकट्याने कधी घेतोस का? सकाळी उठल्यावर आदल्या रात्रीचं आठवत नाही असं कधी झालंय? झोप लागावी म्हणून किंवा कामाचा ताण उतरावा म्हणून घ्यावीशी वाटते का? शेवटच्या दोन प्रश्नांकडे तिने जास्त लक्ष द्यावं. आणि वडिलांच्या आजारपणात घरात काय झालं, ते त्याला सांगू द्यावं. मध्येच सल्ला देऊ नये. अशा घरात वाढलेली पुष्कळ मुलं दारूकडे पाठ फिरवतात, पुष्कळ जण गप्प राहायला शिकतात. तो कुठल्या बाजूचा आहे ते तिला दहा मिनिटांत कळेल, तुम्हाला दहा महिन्यांत कळणार नाही.

त्याला ‘चढत नाही’ याचा अर्थ काय होतो, हे मात्र कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते तिनेच सांगितलं तर उत्तम. हा लेख दाखवला तरी चालेल. ज्याचे ब्रेक जन्मतः सैल आहेत त्याने आकडा आधी ठरवायचा असतो, ‘आता बस’ असं शरीर सांगेल याची वाट बघायची नसते. अशा माणसासाठी सगळ्यात सोपा आकडा शून्य. हे ऐकून तो विचारात पडला, दोन प्रश्न उलट विचारले, तर मुलगा समजूतदार आहे. ‘माझं मला कळतं’ म्हणून हसण्यावारी नेलं, तर मी मुलीला थांबायला सांगेन. त्याचे वडील कसे गेले याच्याशी माझ्या या मताचा संबंध नाही. बाप पुजारी असता तरी मी हेच म्हटलं असतं.

त्याच्या बोलण्यातून पिणं वाढत चाललंय असं वाटलं तर लग्न झाल्यावर सुधारेल या आशेवर राहू नका. बायकोच्या हाताला असला गुण येत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून काम करतं. तिथे घरच्या माणसांशीही बोलतात. अल-अ‍ॅनॉनच्या सभा खास कुटुंबीयांसाठीच असतात. नालट्रेक्सोनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ तपासून देतात. त्यांचा लिव्हरशी संबंध येतो, म्हणून दुकानातून आणून कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अजून मात्र तशी वेळ आलेली नाही. तुमच्या पत्रावरून मला दिसतो तो कधीमधी घेणारा, स्वतःबद्दल खरं बोलणारा आणि एका बाबतीत गैरसमजात असलेला मुलगा. त्याच गैरसमजात तुमचे यजमानही आहेत.

राहिली रविवारची मुदत. मध्यस्थांना फोन करून सरळ सांगा, दोघांना आणखी दोनदा भेटू द्या, मग कळवतो. कारण सांगायची गरज नाही. आणि भावाला पुढच्या वेळी लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यायला सांगा. ती टेस्ट खरोखरच असते, आणि तुमच्या तालुक्याच्या गावीही होते.